खदानीतलं गवत

मु. हिवरखेडी, ता. वाशिम
आश्विन शुद्ध पंचमी, शके १८५७

चिरंजीव नानाजी यास,

थोरली बहीण गोजराबाईचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. तुझा खोकला गेला असेल आणि भावजय, मुलं बरी असतील, असं धरून चालते.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. आधी पाऊस होता, मग निंदण आलं, मग मला थोडा ताप होता. आणि अक्षरं तू पाटीवर शिकवलेलीच. लिहायचं राहिलं की बोटं आखडतात.

तू लिहितोस, तुमच्या कोळशाच्या खाणीवर वरची माती उपसून तिचे डोंगर घातले आहेत, साहेबानं त्यावर झाडं लावायला सांगितली आणि दोन उन्हाळ्यांत ती सगळी वाळली. म्हणून विचारतोस, बाई, तुझ्या खदानीत कसं जमलं? तुमची माती काळी, दगडी, तिचं मला काय कळणार? पण इथलं सांगते.

आगगाडीचा भराव घालायला आपल्या वावरातली माती नेली, खालचा मुरूमही नेला, तेव्हा तू लहान होतास. मागे उरला तो लाल खड्डा, हीच खदान. वाटणीत तो कोणाला नको होता, म्हणून बाबांनी मला कसायला दिला. विधवा मुलीनं आणखी काय मागायचं? पहिल्या वर्षी मी तूर टाकली. ती हातभर झाली आणि करपली. मग कडुनिंबाची रोपं लावली, घागरीनं पाणी घातलं. पाणी घालत होते तोवर जगली. मी हिवतापानं पडले आणि उठून पाहते तर काड्या. तुमच्या साहेबाचंही हेच झालं असेल. झाडाची घाई करू नका.

आधी उतारावर आडवे दगड लावा, म्हणजे पावसानं वाहणारी माती तिथे अडते. हे मला एकानं सांगितलं. मग उन्हाळ्यात ढोरं बसवा. शेणातून बी येतं, खुरानं जमीन फुटते. आमच्याकडे पहिल्यांदा तरवड आला, मग दगडांच्या कडेनं पवना गवत. ते कापायचं नाही, बी पडू द्यायचं. आम्ही एकदा लोभानं लवकर कापलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा उघडा मुरूम. बाभूळ, हिवर, पळस मागाहून आपोआप आले. आता कमरेइतकं गवत आहे, आणि पाणी घालायला मी जात नाही.

‘आम्ही’ लिहिलं. ते खोडत नाही.

बंजाऱ्यांच्या तांड्यातला सोमला तुला आठवत असेल. गाई घेऊन भरावाखालून जायचा, पांढऱ्या पागोट्याचा. मी त्या वाळलेल्या काड्या उपटत होते तेव्हा तो वर उभा राहून पाहत होता.

“बाई, कायले मरून राह्यली?” म्हणाला.

“मंग काय करू? सोडून देऊ?”

“सोडू नको. मह्या गाई बसू दे इथं. पाहू काय होते ते.”

काही झालं नाही, पहिली दोन वर्षं. दगड त्यानं लावले, मी लावले, एका मोठ्या पावसात सगळे वाहून गेले. तो मांडीवर हात मारून हसला आणि पुन्हा लावायला बसला. मला राग आला होता, पण त्याला हसताना पाहून मीही दगड उचलला. असंच चाललं, नानाजी. उन्हाळ्यात गाई बसायच्या, तो त्या टोकाला बसायचा, मी या टोकाला. बोलणं गवताचं, पावसाचं, कोणत्या गाईला खोंड झाला त्याचं. दुष्काळाच्या साली गावानं गवतावर ढोरं सोडायचं ठरवलं तेव्हा तो काठी घेऊन खदानीच्या तोंडाशी उभा राहिला. “बी पडू द्या, मंग चारा,” म्हणाला. लोकांनी त्याला शिव्या दिल्या, मला नावं ठेवली. नावं ठेवण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. त्यानं कधी माझ्या हातचं पाणीसुद्धा मागितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

वर लिहिलं ते खोटं, मला ताप आला नव्हता. ज्येष्ठात तांड्यात पटकीची साथ आली आणि सोमला गेला.

मला विहिरीवर कळलं. बायका सांगत होत्या, त्यातली एक म्हणाली, बरं झालं, आता खदानीत तांड्याची ढोरं यायची नाहीत. मी घागर भरली, डोक्यावर घेतली, घरी आले, भाकरी केली. कोणी माझ्याकडे पाहत आहे का, एवढंच पाहत राहिले. तांड्याकडून रडणं ऐकू येत होतं. मी गेले नाही. मले जाता येत नव्हतं, नानाजी. कोन म्हणून जाऊ?

श्रावणात एका दुपारी गाई आपल्या आपण खदानीत आल्या. मागून त्याची बायको धनीबाई. दंडातला चुडा उतरवलेला, तिथली कातडी वेगळीच दिसत होती.

“गोजराबाई, ढोरं आयकत नाहीत. इकडंच येतात. येऊ देशीन?”

“येऊ दे ना वं. त्याहीचंच हाये.”

ती हिवराखाली बसली. मी विळा घेऊन उगाच तरवड कापत राहिले.

“तू आली नाही,” ती म्हणाली.

“कशी येऊ?”

“घरी आला का इथल्या गवताचीच गोठ करे. म्या एक डाव इचारलं, गवताची का गवतवालीची? तं हासला.”

“मंग?”

“मंग काय? जेवला अन् झोपला.” तिनं माझ्या हातातला विळा काढून घेतला. “आमी साऱ्याजनी रडलो. तुले कोनी रडू देलं नसंन. रड आता. मी बसली हाये.”

मी रडली. नवरा मेला तेव्हा मले काही समजत नव्हतं, दुसऱ्यांनी रडवलं म्हणून रडली होती. हे माहं रडनं होतं. धनीबाई गाईवर नजर ठेवून बाजूले बसली होती.

दसरा झाला की तांडा कारंज्याला कापसाच्या जिनावर कामाला जाईल. धनीबाईही जाईल. मग फाल्गुनापर्यंत इकडे कोणी फिरकत नाही.

तू लिहिलंस, सडकेच्या कंत्राटदाराला मुरूम पाहिजे, तो खदान विकत मागतो. वावर तुझ्या नावावर आहे. पण बाई नाही म्हणाली तर सही करणार नाही, असंही लिहिलंस. तर माझं उत्तर ‘नाही’. विचारतोस, तिथं आता तुझं कोण आहे, माझ्याकडे ये. कोणी नाही. तरी येत नाही. खदानीला माझी गरज उरलेली नाही, ती आपली आपण हिरवी राहते. मलेच तिची हाये.

हे पत्र वाचून फाडू नकोस. भावजयीनं पाहिलं तरी चालेल. सोमला गेला अन् त्याच्यासाठी तांड्याबाहेरही कोणी रडलं, हे एका कागदावर तरी राहू दे.

माघात जमलं तर येऊन जा. बोलायला कोणी नाही.

तुझी बाई,
गोजरा