कार्ड, कुकर आणि एक उरलेला स्क्रू

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
लेक यशश्री कॉलेजच्या टूरवर, आठ तारखेला परत. तोवर तिच्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवून सरप्राइज द्यायचं. तिची आर्किटेक्चरची आठ महिन्यांची ड्रॉइंग्ज याच डब्यात, दहा तारखेला ज्यूरी, म्हणजे परीक्षकांसमोर सादरीकरण. म्हणून आधी सुरक्षा. एकतीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो, उगीच नाही. रिटायरमेंटला मिळालेली हार्ड डिस्क मागे जोडून बॅकअप घेतला. कोणी ओढू नये म्हणून वायर टायने आवळून बांधली. मग कार्ड, हळदकुंकू, झेंडू, खाली लिंबू.
पूर्वी बायकोच्या, प्रतिमाच्या कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत कॉम्प्युटर सुरू व्हायचा. आज शिट्टी आधी झाली. नवा पाहुणा आहे, रुळेल.

२ ऑक्टोबर. दसरा.
दोन शिट्ट्या. तोवर काळा स्क्रीन. लिंबू बदललं. प्रतिमाला बोललो नाही, ती उगाच घाबरते.

३ ऑक्टोबर
कॅबिनेट उघडलं, कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवलं. झाकण लावल्यावर एक स्क्रू उरला. सगळी भोकं भरलेली. मग हा कुठला? स्क्रू खिशात टाकला, तिसरा चहा घेतला. चहा कमी केला पाहिजे.
तीन शिट्ट्या.

४ ऑक्टोबर, सकाळी ११
ज्याच्याकडून कार्ड घेतलं त्या एस. पी. रोडच्या गुरुदत्तला फोन. म्हणाला, टेन्शन बेडा सार, टेन्शन नको, मागे जे जे जोडलंय ते सगळं काढा, मग चालू करा. प्रिंटर काढला, स्पीकर काढले, कीबोर्ड काढला. कीबोर्ड नाही म्हणून पासवर्ड टाकता येईना. असले सल्ले देतात. डिस्क अर्थातच काढली नाही. संकटात कोणी फायर एक्स्टिंग्विशर काढून ठेवतं का?
पुन्हा तीन शिट्ट्या. आतून कट्-कट् आवाज. कार्डच असणार.

५ ऑक्टोबर, रविवार
यशश्रीचा व्हिडिओ कॉल. पप्पा, फोनवर माझी फाइल उघडत नाही, कॉम्प्युटरवर एक ड्रॉइंग उघडून फोटो पाठवता का? मी म्हणालो, करंट गेलाय. ती म्हणाली, मग तुमच्या डोक्यावर पंखा कसा फिरतोय? मी म्हणालो, स्वल्प वारा आहे.
एकसष्टाव्या वर्षी पोरीशी खोटं बोललो. तिची ड्रॉइंग्ज गेली तर तिच्यासमोर उभा कसा राहणार?

६ ऑक्टोबर
पाच शिट्ट्या. प्रतिमा विचारते, मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून अजून दोन होऊ दे, अजून दोन होऊ दे असं का म्हणतो? डाळीचं पाणी झालंय म्हणे. पचायला बरं असतं, असं सांगितलं.
उपाय सापडला! सुरू व्हायला वेळ लागतो ना? मग बंदच करायचा नाही. आठ तारखेपर्यंत चालू. साधी गोष्ट, पण सुचावी लागते.

७ ऑक्टोबर, सकाळी १०.२०
करंट गेला. खरोखरचा.

१०.५५
आला. बटण दाबलं. सात शिट्ट्या, आठवीला डाळ करपली. स्क्रीन काळाच. कट्-कट्. मी देवाला म्हणालो, पुन्हा स्क्रूड्रायव्हरला हात लावणार नाही, फक्त पोरीची ड्रॉइंग्ज वाचव. अकराव्या मिनिटाला सुरू झाला. डोळ्यांत पाणी होतं. करपलेल्या डाळीचा धूर.

८ ऑक्टोबर, बुधवार
यशश्री आली. बॅग खाली ठेवायच्या आधी मी सगळं सांगून टाकलं. ती वाकली, मागे पाहिलं, कात्री मागितली. टाय कापला, डिस्क काढली, बटण दाबलं. शिट्टी व्हायच्या आत सुरू.
डिस्क कानाला लावून म्हणाली, पप्पा, ही कधीचीच शेवटच्या घटका मोजतेय. कॉम्प्युटर रोज हिच्यासाठी खोळंबतो. ड्रॉइंग्ज? ती दर संध्याकाळी ऑनलाइन चढतात. डिस्क पुन्हा जोडून माझा बॅकअप उघडून पाहिला: एक रिकामं फोल्डर, नाव ‘सुरक्षा’.
मग स्क्रीनची वायर दाखवली. अजून जुन्याच खोबणीत, नव्या कार्डाला जोडलेलीच नाही. म्हणजे आठ दिवस मी ज्या कार्डाला घाबरलो, त्याला कोणी कामच सांगितलं नव्हतं.
कार्ड छान आहे म्हणाली. घाबरला होता का, असंही विचारलं. मी म्हणालो, छे.
प्रतिमाने लिंबाचं सरबत केलं. स्क्रू अजून माझ्या खिशात आहे. कुठला, ते विचारायचा धीर झाला नाही.