घरजावयाच्या पदव्या आणि शिवगंगाचं मॅट्रिक

...आणि एवढं सगळं करून नवऱ्यानं वर हैदराबादहून लिहावं, की थीसिसला अजून दोन वर्षं लागतील, तोवर घरचं तुम्हीच बघा! आजवर दुसरं कोण बघत होतं? घाण्याच्या बैलाला झापड तरी असते. मी उघड्या डोळ्यांनी फिरले.

लोकांचे अर्ज-दस्त लिहून देणारे अर्जनवीस अण्णाराव समोर बसलेत. म्हणतात, "अक्का, मृत्युपत्र भांडणानं सुरू होत नसतं. आधी शुद्धीवर असल्याचं लिहा." लिहिते. माझ्याच हातानं लिहिते. काल त्यांच्याकडून लिहवून घेतलं तर माझ्या तोंडचं सगळं गुळमट करून ठेवलं.

तर मी पार्वतम्मा, बाप नागप्पा घाणेवाले, वय चाळिशीचं, दोन बुकं शिकलेली, राहणार नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद. पोटातल्या गाठीनं अंग खाल्लंय, डोकं खाल्लेलं नाही. कुणाच्या धाकानं किंवा भुलावणीनं लिहीत नाही. धाक घालणारा दीर बाहेर ओट्यावर बसलाय. बसू द्या.

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये. कायद्याला लागतं म्हणून एकदा घेते: कल्याणप्पा. आमच्या अप्पांना मुलगा नव्हता, म्हणून जळकोटहून ह्यांना घरजावई करून आणलं. ह्यांचा बाप बोलला होता, "पोरगं हुशार हाय. तेवढं मॅट्रिकला बसवा, मग तेलाचा घाणा तेच सांभाळतंय." घरजावई म्हणजे घरात राहणारा जावई, असं अप्पांना वाटलं.

मॅट्रिकला तीन खेपा गेल्या. मग कळलं, मॅट्रिक म्हणजे नुसता उंबरा. आत जायचं तर इंटर, दोन वर्षं, तेही हैदराबादला. तिथं गणितापासून इतिहासापर्यंत सगळं उर्दूत, म्हणून आधी उर्दू पक्कं करायचं. इंटरबिगर बी.ए.ला घेत नाहीत, बी.ए.ला आणखी दोन वर्षं. तिथं हिंदूंच्या पोरांना नीतीचा पेपर असतो म्हणे. त्यात हे पहिल्या फटक्यात पास! तपासणारानं नळदुर्गात चौकशी केली नाही. बी.ए.बिगर एल.एल.बी. नाही, आणि तिथं हजेरी भरावी लागते, कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. अप्पा वारले तेव्हा ह्यांची हजेरी कमी पडत होती. वकील झाल्यावर म्हणाले, कोर्टात आवाज चढवावा लागतो, तो माझा स्वभाव नाही. मग एम.ए. पुन्हा दोन वर्षं. आता डॉक्टरेट. तिला वर्गही नाही, हजेरीही नाही. आजवर कुणी लिहिलं नाही असं काहीतरी लिहून द्यायचं. एवढी मोकळीक मिळाल्यावर तरी घरी यावं की नाही?

आमचा खंडोबा दोन गावांचा. अणदूरकर आणि नळदुर्गकर बोली करतात, आणि देव ठरल्या दिवशी इकडं येतो, ठरल्या दिवशी तिकडं जातो. देवाला बोली पाळता येते, आणि ह्यांना एम.ए. होऊन जमेना.

आता वाटणी.

घर, घाणा आणि दुकान अप्पांनी मला लेखी दिलेलं आहे, सासरचं त्यात काडीही नाही. हे सगळं माझी एकुलती मुलगी शिवगंगा हिला. ती जाणती होईपर्यंत घाणा महारुद्र चालवील. तो अप्पांच्या वेळेपासूनचा घाण्यावरचा गडी आहे. बैल त्याचाच समजावा; म्हातारा झाला म्हणून बाजार दाखवू नये.

पाटल्या आणि पुतळ्यांची माळ शिवगंगाला. अंगावर घालून मिरवायला नाही. फी भरायची वेळ आली की मोडायची, आणि मोडताना रडायचं नाही.

ह्यांचा काळा झगा घातलेला फोटो दिराला द्यावा. झगा भाड्याचा होता, हे मला नंतर कळलं.

मला आपल्या लिंगायत रीतीनं बसवून पुरावं, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर ठेवावं. सवाष्ण गेली, भाग्याची, असं कुणी म्हणू नये. म्हणेल त्याला जेवायला वाढू नये.

आता खरं कलम. अण्णाराव, इथं मध्ये बोलू नका.

ह्यांचा थीसिस नळदुर्गाच्या किल्ल्यावर आहे. किल्ल्यावर लिहायचं आणि किल्ल्याला यायचं नाही, ही विद्या मला अजून कळलेली नाही. दिवाळीत ते दोन वर्षांचं पत्र आलं, त्यातच होतं, कुणाला तरी पाठवून पाणीमहालाचा आणि बुरुजांचा नकाशा काढून धाडा. शिवगंगा सोलापूरच्या शाळेतून सुटीवर आली होती. तिथं ती माझी मावसबहीण नीलम्मा हिच्याकडं राहते. सुटीभर पोर दोरी घेऊन तटावर फिरली. नकाशा गेला. उलट टपाली उत्तर आलं: "ज्या मुलानं हा काढला त्याचा हात आणि डोकं दोन्ही चांगलं. त्याला शाळेतून काढू देऊ नका, पुढं शिकवा."

मी कळवलं, मुलगा नाही, तुमची शिवगंगा आहे. त्यानंतर कागद नाही. थोड्या दिवसांनी दीर शरणप्पा स्थळ घेऊन आले, त्यांचा स्वतःचा मेहुणा शिवप्पा, बिजवर.

"वहिनी, पोर चौदाची झाली. शिवप्पाचं घर भरलेलं हाय."

"भरलेलंच की. पहिलीची तीन लेकरं हायत."

"पोरीच्या जातीला मॅट्रिक कशाला?"

"तुमच्या भावाला कशाला लागलं होतं?"

"त्यो पुरुष हाय."

"असंल तर दिसू द्या की एकदा."

दीर म्हणाले, दादाची ना नाही. होय आहे का, विचारलं तर टोपी उचलून गेले. आज पुन्हा आलेत.

शिवगंगाला डॉक्टर व्हायचंय. पायऱ्या मला पाठ आहेत: मॅट्रिक, मग इंटर सायन्स, मग एम.बी.बी.एस.ची पाच वर्षं, आणि त्यात मढी फाडावी लागतात. मी विचारलं, भ्याव वाटत नाही का? म्हणाली, "अव्वा, तुझ्या पोटात काय हाय ते डॉक्टरनं तुला सांगितलं न्हाय, बाहेर उभ्या महारुद्रला सांगितलं. मला बाईला सांगणारी व्हायचंय."

म्हणून माझ्यामागं शिवगंगाची पालक नीलम्मा, असं मी लिहिणार होते. अण्णाराव म्हणतात, "घर तुमचं, द्याल त्याला जाईल. लेकरू बापाचं. बाप जिवंत असता आईनं नेमलेला पालक कोर्टात टिकत नाही. बापानं लेखी मान्य केलं तरच." घाणा मी चालवला, पोर मी वाढवली, आणि ती कुठं जाणार हे सांगायचा हक्क कधी न आलेल्या माणसाला! बरं. मान्यता दिली, तर ह्यांनी हयातभर माडीवरच्या खोलीत राहावं, जेवणाखाण्याचं दुकानाच्या उत्पन्नातून भागवावं. दिली नाही, तर ह्या घराचा उंबरा ह्यांना बंद.

लिहिलेलं वाचून पाहिलं. बरोबर आहे.

सही: पार्वतम्मा, स्वहस्ते
साक्षीदार: अण्णाराव, अर्जनवीस, नळदुर्ग
साक्षीदार: हणमंतप्पा, शेजारी, किराणा दुकानदार
मुक्काम नळदुर्ग, चैत्र शुद्ध पौर्णिमा, फसली सन १३५५ (इंग्रजी सन १९४६)

हैदराबादला जाणाऱ्या नकलेवर जास्तीचं:

शिवगंगाच्या बापास. मान्यतेचा मजकूर अण्णारावांनी लिहून सोबत घातलाय, खाली तुमची सही तेवढी पाहिजे. दर पदवीला तुम्ही लिहिलंत, एवढी होऊ दे, आणि मी होऊ दिली. आज पहिल्यांदा मी मागते. होय असेल तर सही करा. नाही असेल तर कारण लिहा, पण मला नको, शिवगंगाच्या नावानं लिहा, तिला वाचता येतं. दिराच्या तोंडचा निरोप चालणार नाही. अक्षय तृतीयेला मी असेन की नाही सांगता येत नाही. तुमचं उत्तर त्याच्या आत नळदुर्गात पोचलं पाहिजे.