जबड्याची गाडी

अण्णा, ज्या परभणीत तुम्ही ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढत आयुष्य घालवलंत, तिथंच मी आता नव्या गाड्या विकते. जपानी कंपनीच्या. यंदाचं मॉडेल पाहून तुम्ही शिवीच हासडली असती. पुढची काळी जाळी पार बंपरपर्यंत जबड्यासारखी फाकलेली, दिवे चाकूनं चिरल्यासारखे बारीक, दारांचा पत्रा कुणीतरी रागानं मुरगळल्यासारखा. कॉलेजची पोरं तिच्यासमोर फोटो काढतात. चुडाव्याची एक बाई मात्र नवऱ्याला म्हणाली, "फुकट दिली तरी नगं. लेकरू बिचकंल."

तुमच्या वर्कशॉपात एकदा एकानं जीपला लोखंडी दात बसवायला सांगितले होते. तुम्ही म्हणालात, "गाडीनं माणसाला भेववू नये." त्यानं जॅकचा दांडा घातला, तुमची भुवई फाटली, तुम्ही हातोड्यानं त्याच्या जीपची काच फोडलीत. घरी जेवताना मी नुसतं विचारलं, "बसवले असते दात तर काय बिघडलं असतं?" भाकरीचा तुकडा माझ्या हातातच होता आणि तुमची चपराक बसली. कान कितीतरी दिवस वाजत होता.

गेल्या महिन्यात बोरीचा एक म्हातारा बागायतदार मुलासोबत डिलिव्हरी घ्यायला आला. गाडी मुलानं एकट्यानं पसंत केलेली. मी हौसेनं वरचं कापड ओढते आणि म्हातारा हातात नारळ धरून थिजतो.

"ही गाडी हाय का चवताळलेलं रानडुक्कर?"

"तुमाला न्हाई कळायचं, आबा. समोरच्यानं दबकायला पायजे."

"समोर तर मीच हाय. मला दबकवायलास का?"

आणि तो नारळ नेम धरून जाळीवर हाणतो. जाळी तडकते. मुलगा बापाचा गळा धरतो, त्याचं डोकं बॉनेटवर आपटतो, पुन्हा आपटतो. पांढऱ्या रंगावरून रक्त ओघळतं. आमचा सगळा स्टाफ भिंतीला चिकटलेला. मी मध्ये पडते तर मुलाचं कोपर तोंडावर बसून माझा ओठ फुटतो. हाताशी ओवाळायचं पितळी ताट होतं. ते मी कडेनं त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. म्हातारा सुटला.

त्यानं कुणालाच पोलिसांत जाऊ दिलं नाही. "पोरगं माझंच हाय," एवढंच म्हणाला. चार दिवसांनी डोक्याला पट्टी बांधून तो गाडी न्यायला आला. मागे मुलगा, हात प्लास्टरमध्ये, मान खाली. मी म्हटलं, नवी जाळी बसवून देते. म्हाताऱ्यानं फुटक्या जाळीवरून हात फिरवला.

"ऱ्हाऊ द्या, ताई. आता आमच्या घरासारखीच दिसायलीय."

ओठ दारावर आपटला, असं आईला सांगितलंय. हे पत्रही तिला वाचून दाखवणार नाही, घडी करून ठेवून देईन. पण तुम्हाला म्हणून सांगते, त्या गाडीचं तोंड मला आवडतं. शोरूममध्ये कुणी नसलं की मी तिथल्या तसल्याच दुसऱ्या गाडीसमोर अगदी जवळ जाऊन उभी राहते, आणि मागे सरत नाही.