उखळातली अर्धी मात्रा

मळवली,
वैशाख शुद्ध दशमी, शके १८५८

तीर्थस्वरूप कोंडाजीमामांच्या चरणी भाचा मल्हारी याचे दंडवत (या खेपेला खरेच, वाकून). आपला दमा आणि मामींचा गुडघा आता बरा असावा. मामा, माझं आयुष्य बदललं तो क्षण म्हणजे मी कॉलेज सोडून, आपल्या पुण्याच्या घराचं दार आपटून निघालो तो नव्हे (जरी त्यात आपली कडी तुटली). तो क्षण टाकवे बुद्रुकला, भिमाजीआबा नावाच्या शेतकऱ्याच्या कुंपणाबाहेर आला. आत तीन बायका एका उखळात भात कांडत होत्या आणि तिसरं मुसळ दर खेपेला अर्धी मात्रा उशिरा पडत होतं. मी सायकलवरून उतरलो, तो मनाने अजून तिथेच उभा आहे.

वर्षभराने आलेल्या आपल्या एकुलत्या कार्डात आपण विचारलंत, "हे तुला सुचतं तरी कुठून?" (त्यातला 'हे' आपण असा गिरवलात, की कार्डाला भोक पडलं आहे.) तेव्हा सांगतो. माझी पहिली रचना 'पाणी'. लोणावळे स्टेशनात इंजिन पाणी घेतं त्या घटघटीवरून सुचली. बाजाराच्या दिवशी वाजवली, तर दोन म्हशी दावं तोडून सुटल्या आणि सगळे श्रोते त्यांच्यामागे गेले. आपल्यापर्यंत पोचली ती हीच बातमी. दुसरी रचना मी राखण करतो त्या बंगल्याच्या कुरकुरत्या रहाटावरून सुचत होती. पण माळ्याने रहाटाला तेल घातलं आणि ती अर्धीच राहिली. आमचा ताफा लहानच. मी क्लॅरिनेट वाजवतो, गेणू ढोलकी आणि लोणावळ्याचा इकबाल ताशा (दिवसा तो पत्र्याच्या ट्रंका ठोकतो, त्यामुळे हात तयार).

तिसरी रचना 'उखळ'. ते उशिराचं मुसळ अंबूचं, हे मी कुंपणाबाहेरच ठरवून टाकलं. अंबू म्हणजे आबांची धाकटी. इतकं हळुवार थांबणं दुसऱ्या कुणाला साधणार? मला त्या अर्ध्या मात्रेत लाज दिसली, मान वळवणं दिसलं. (इकबालला फक्त उशीर दिसला, त्यावरून आमचं चार दिवस बोलणं बंद होतं.) मी ती अर्धी मात्रा लांबवत लांबवत चांगली दोन श्वासांची केली. सगळं वाजवणं एकदम थांबतं, चिडीचूप होतं, आणि मग ताशासकट सगळे तुटून पडतात. ही रचना लोकांत गाजली की आबांकडे अंबूसाठी शब्द टाकायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

संधी आली ती परवा, आबांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात. नवरानवरी पाटावर उभी, मधे अंतरपाट, दोनशे माणसांच्या मुठीत अक्षता. भटजींची सगळी मंगलाष्टकं म्हणून झाली तरी मुहूर्ताचं घटिकापात्र काही पाण्यात बुडेना, आणि तेवढ्यात त्यांना ठसका लागला. आबा माझ्याजवळ आले. "मल्हारी, घटका भरायला येळ हाय. तवर वाजवा कायतरी हळू." इकबाल कानाशी लागला, "ते थांबायचं तेवढं हितं नको रं." पण ऐकतो तो मी कसला! आम्ही 'उखळ' सुरू केलं, थांबायच्या जागी थांबलो, आणि तुटून पडलो.

मामा, लग्नात सगळं गप्प झालं आणि पाठोपाठ ताशा कडाडला, की मावळातला माणूस काय करतो? दोनशे मुठी एकदम उघडल्या. धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला, नवरीने माळ घातली, आणि भांडं आपलं पाण्यावर तरंगतंय! नवऱ्याचा बाप ओरडला, "आरं, लगीन लागलं का न्हाई ते आदी सांगा!" भटजींच्या तोंडात पाणी, त्यांनी नुसती मान हलवली. आबा माझ्यावर धावून आले. "मल्हाऱ्या, ती पिपाणी उखळात घालून कांडीन!" मीही तापलो (आपल्याला माहीतच आहे), क्लॅरिनेट गुंडाळून निघालो. पण दार गाठायच्या आत इकबालने सदरा धरला. "कॉलेजातनं गेलास, मामाच्या घरनं गेलास. आता जाशील कुटं?"

अक्षता तर सगळ्या पायदळी गेलेल्या. घरात तांदूळ शिल्लक नाही, होतं ते न कांडलेलं साळीचं भात. मग त्याच तीन बायका लगबगीने परसातल्या उखळाशी गेल्या. धप्, धप्, आणि अंमळ थांबून, धप्. वऱ्हाडातल्या रतनबाई नावाच्या म्हाताऱ्या होत्या, त्या एकदम म्हणाल्या, "अगं बया, ह्यो पोरगा मगाशी ह्येच वाजवत व्हता की!" मांडव हसला. आबाही हसले, पण पागोट्याचा शेव तोंडाशी धरून. आम्ही मुसळांबरोबर पुन्हा वाजवलं, थांबायच्या जागी थांबलो, आणि दोनशे माणसं श्वास धरून आमच्याबरोबर थांबली. तेवढी शांतता मला या जन्मात पुन्हा मिळायची नाही. मग भांडं बुडालं, नव्या अक्षता पडल्या, लग्न लागलं.

मामा, त्या शांततेत मला आपली आठवण झाली. "पिपाणी विहिरीत टाकीन" म्हणालात, आणि मागाहून माझी ट्रंक रेल्वेने पाठवलीत तेव्हा आत तीच, आपल्या ठेवणीतल्या धोतरात गुंडाळलेली, वर तिच्या तोंडाला लावायच्या दोन नव्या पट्ट्या. हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही. आपल्यालाही नाही. माझ्या सगळ्या रचना सुचतात त्या कुठून, याचं खरं उत्तर ते धोतर आहे.

आपला,
मल्हारी

ता. क. तिसरं मुसळ अंबूचं नव्हतं. ते तिच्या आत्याचं, झुंबरबाईंचं. साठी उलटली आहे, उजवा खांदा धरतो. लग्नाच्या गडबडीत अंबूनेच मला गाठून सांगितलं, "माझं मुसळ पयलं. ते कवा चुकत न्हाई. तुमी चुकला." जाता जाता म्हणाली, "आत्याच्या खांद्याला तेल लावायची थांबते. न्हाईतर तुमचं गाणं बिगडल." मामा, रचना झुंबरबाईंना अर्पण केली आहे. उरलेला मी अंबूचा.

ता. क. २. आबांकडे शब्द टाकला. म्हणाले, "दार आपटून आलेल्याला पोरगी देत न्हाई. मामाला घिऊन ये, मग बोलू." तेव्हा आपण रविवारी टाकव्याला यावं. आपण नाही आलात, तर आबा पुढच्या आठवड्यात दुसरं स्थळ बघायला जाणार आहेत.

ता. क. ३. टपालावर माझा भरवसा नाही. हे पत्र मीच घेऊन येतो आहे. आपण इथवर वाचलंत म्हणजे मी बाहेर ओट्यावर उभा आहे, हातात लोणावळ्याच्या लोहाराकडून घडवून आणलेली नवी कडी आहे. उघडायचं की नाही, ते आपण ठरवा. इकडे स्टेशनात पुण्याच्या गाडीची घंटा झाली. पायताण घातलं, दिवा मालवतो. निघतो, दार हळूच ओढून घेतो, आवाज न करता.