दोनदा भरलेली पुंगळी

मी, काशिनाथ जयराम चुरी, वय वर्षे बाहत्तर, धंदा पूर्वी काडतुसे भरण्याचा व सध्या काही नाही, राहणार निर्मळ, तालुका वसई, जिल्हा ठाणे, माझ्या माघारी कोणाला काय मिळावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ताळ्यावर आहे. तसा दाखला डॉ. रोझलिन परेरा यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस लागते, आणि माझी पत्नी सावित्री १९९८ साली गेल्यापासून या घरात मी एकटाच राहतो. माझ्या पोटातल्या गाठीला डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे, म्हणून घाई. वकिलांनी टाइप करून आणलेला मसुदा मी परत पाठवला. त्यात मला सांगायचे होते ते एक वाक्यही नव्हते.

कलम १. निर्मळ येथील राहते घर, विहीर व वाडी ही माझी एकुलती मुलगी कृतिका हिला मिळावी. ती लग्न होऊन बडोद्याला असते. ती हे विकणार हे मला ठाऊक आहे आणि माझी हरकत नाही. फक्त विकण्याआधी एक रात्र तिने इथे राहावे. कृतिका दर रविवारी अकरा वाजता फोन करते. मी साडेदहापासून फोनजवळ बसलेला असतो हे तिला कधी सांगितले नाही. फोन झाला की पुढच्या रविवारपर्यंत माझ्याशी बोलते ते आकाशवाणी मुंबई. वाडीच्या उत्तरेकडच्या तुकड्याची व्यवस्था कलम ५ मध्ये वेगळी केली आहे.

कलम २. माझा पुतण्या संग्राम याने हद्दीवरची कुंपणाची वई दर पावसाळ्यात वीतभर माझ्या बाजूला सरकवली आहे. मी ते पाहिले आहे. बोललो नाही, कारण निदान वई सरकवायला का होईना, तो माझ्या वाडीत यायचा. १९९५ साली नेलेली लोखंडी शिडी त्याने अजून आणून दिलेली नाही. ती त्यालाच दिली असे समजावे. बाकी त्याला काही नाही.

कलम ३. बँकेतील ठेवीवर कृतिकाचे नाव आधीच लावलेले आहे. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ४. मी अडतीस वर्षे फोर्टमधल्या एका परवानाधारक बंदुकांच्या दुकानात काडतुसे भरली. हे काम बाहेरच्यांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, तिच्या बुडाला नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू ओतायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. दारूचे वजन ग्रेनमध्ये, म्हणजे तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढ्या मापात करतात. माझ्याकडे आता दारूचा कणही नाही, निवृत्त झालो त्या दिवशीच सगळी दुकानाच्या ताब्यात दिली. हातदाबाचे यंत्र आणि पुंगळ्या उभ्या करायचा पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा दुकानात परत द्यावा. छोटा तराजू कृतिकाला. लहानपणी ती त्यावर चिमणीचे पीस तोलायची आणि वजन मला ओरडून सांगायची.

कलम ५. हे कलम सॅन्टन आग्नेल मच्याडो याच्यासंबंधी आहे. त्याची वाडी माझ्या वाडीला लागून, मध्ये फक्त एक पायवाट. शाळेपासूनचा माझा मित्र. आंब्या-चिकूची कलमे बांधण्यात या पट्ट्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि नेमबाजीतही नव्हता. त्याचे वडील बोटीवर नोकरीला होते. त्यांनी आणलेले मॅग्नम रिव्हॉल्व्हर रीतसर परवान्याने सॅन्टनकडे आले होते. रायफल क्लबात तो ते चालवायचा आणि त्याची काडतुसे मी भरायचो. क्लबातल्या सगळ्यांदेखत तो म्हणायचा, "काशाने भरलेलं असेल तर मी डोळे मिटून चाप ओढतो." ते ऐकायला मी मुद्दाम दर रविवारी क्लबात जायचो. लाज कशाची, जायचो.

मॅग्नमचे काडतूस साध्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाहून लांब आणि जोरदार. त्याला दारू कुठली घ्यावी, हे विचारायला नवखे यायचे तेव्हा त्यांना हवा असायचा जोर. मी त्यांना सांगायचो, जोराचे नंतर बघू, आधी आपली चूक लपणार नाही अशी दारू निवडा. सावकाश जळणारी दाणेदार दारू पुंगळी जवळजवळ काठोकाठ भरते. चुकून दुसऱ्यांदा ओतली तर ती उतू जाते, टेबलावर सांडते, लगेच कळते. झटकन जळणारी चपटी दारू चिमूटभर पुरते आणि तळाशी पडून राहते. ती दोनदा पडली तरी वर जागा उरते, गोळी नीट बसते, बाहेरून काडतूस दिसायला शहाण्यासारखे दिसते. म्हणून मॅग्नमला दाणेदारच, हा माझा नियम. दुसरा नियम असा की भरताना मध्येच उठावे लागले, तर सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायचे. हे दोन्ही नियम मी दुकानात चार माणसांना शिकवले, आणि त्यांनी ते पाळले.

१६ फेब्रुवारी १९९१, शनिवार. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. दाणेदार दारू संपली होती, आयातीचा माल आला नव्हता. सॅन्टनला 'या खेपेला जमत नाही' एवढे मी सांगायला हवे होते. तो काही रागावला नसता. पण काशाला जमत नाही हे वाक्य मला माझ्या तोंडून ऐकायचे नव्हते. मी चपटी दारू निवडली, वर स्वतःला पटवले की हिने धक्का कमी बसेल, नेम आणखी चांगला लागेल. दुकानाचे काम घरी करायची परवानगी नव्हती, तरी मी ते घरी आणले. ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या केल्या आणि ओळीने दारू घालत गेलो. तिसऱ्या ओळीत असताना फुलांचा भय्या फाटकाशी येऊन हाका मारू लागला. सोनचाफ्याच्या करंड्या बांधून तयार होत्या, दादरची गाडी चुकली तर दुपारपर्यंत फुले काळी पडतात. सावित्री माहेरी गेली होती. मी उठलो, करंड्या दिल्या, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घातली आणि परत येऊन बसलो. तिसरी ओळ पुरी झाली होती की नाही, ते आठवेना. दाणेदार असती तर मला काही आठवावे लागले नसते. सगळ्या रिकाम्या करायला वीस मिनिटे लागली असती. मी ती वीस मिनिटे दिली नाहीत. अंदाजाने पुढे भरत गेलो.

रविवारी चौथ्या गोळीला रिव्हॉल्व्हरचे चक्र फुटले. सॅन्टनच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटे गेली. सगळे त्याच्याकडे धावले, आणि त्या गोंधळात मी उरलेल्या काडतुसांची डबी उचलून खिशात घातली. त्याच संध्याकाळी घरी एकेक काडतूस उघडून तोलले. एकात दुप्पट दारू निघाली. म्हणजे जे फुटले त्यातही दुप्पटच होती, माझ्या मनात संशय उरला नाही. मी ते वजन माझ्या वहीत लिहिले, कारण वजन लिहिल्याशिवाय मला उठता येत नाही. मग दारू केळीच्या आळ्यातल्या चिखलात कालवून टाकली.

क्लबाच्या कमिटीने मला जाणकार म्हणून बोलावले. मी सांगितले, हत्यार जुने, पोलाद थकलेले. त्यांनी तसे लिहून घेतले. सॅन्टननेही ते खरे मानले. पुढे तो लोकांना सांगू लागला की आपल्या बापाला परदेशात कोणीतरी फसवून खोटा माल दिला. मेलेल्या माणसाला मी खोटा पाडला, आणि तो माणूस मला लहानपणी बोटीवरचे चॉकलेट आणून द्यायचा.

अंगठ्याशिवाय कलम बांधता येत नाही. सॅन्टनने वाडी खंडाने दिली. बरा झाल्यावर तो मला भेटायला यायचा, डाव्या हातात वेलची केळ्यांची फणी घेऊन. मी आतल्या खोलीत बसून सावित्रीला 'घरी नाहीत' म्हणून सांगायला लावायचो. ती एकदा म्हणाली, "एकदा तरी भेटा हो. त्याला वाटतं, तुम्हाला त्याचा हात बघवत नाही." मी त्याला तसे वाटू दिले. वर्षभराने तो यायचा थांबला. सावित्रीलाही मी खरे सांगितले नाही. तेरा वर्षे पायवाटेच्या पलीकडे त्याचा खोकला ऐकतो आहे. मला त्याची फार आठवण येते, रोज येते, हे लिहायला मृत्युपत्राची जागा सापडावी याची मला शरम वाटते.

वाडीच्या उत्तरेकडच्या तुकड्यात आंब्याची चार कलमे आहेत. १९९० साली सॅन्टनने ती धडधाकट हातांनी बांधली. <s>ती चार कलमे व त्यांखालची जमीन सॅन्टन मच्याडो यास कायमची मालकीहक्काने द्यावी.</s>

कलम ६. माझे क्रियाकर्म साधे करावे, कर्णा लावू नये. खांदा द्यायला संग्राम आणि त्याचे दोघे मित्र येतील असे धरले आहे. चौथ्या माणसाची सोय संग्रामने करावी.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कृतिकाने करावी. कलम ५ वाचून तिला माझा राग आला तर तो तिने गिळू नये.

खुलासा. कलम ५ माझ्या मरणानंतर सॅन्टनला वाचायला मिळावे असा माझा पहिला बेत होता. दोन दिवस विचार केला तेव्हा कळले की हे आतल्या खोलीत बसून 'घरी नाहीत' म्हणण्यासारखेच झाले. म्हणून आज दुपारी मी पायवाट ओलांडून गेलो आणि त्याला म्हणालो, माझ्या कागदावर साक्षीदार म्हणून सही हवी आहे, पण आधी सगळे वाच. तो आला. डॉक्टरीणबाई आधीच येऊन बसल्या होत्या. सॅन्टनने चष्मा लावून सावकाश वाचले, कलम ५ दोनदा वाचले. पुढचे बोलणे तो त्याच्या बोलीत बोलला, वकिलांना कळावे म्हणून मी पुस्तकी करून लिहितो.

"तुला कुठल्या दिवशी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

"म्हणजे बापाचं रिव्हॉल्व्हर चांगलं होतं."

"चांगलं होतं."

"आणि मला वाटायचं, तुला माझ्या हाताची किळस येते."

मी त्याची क्षमा मागितली. ते वजन लिहिलेली वही मी त्याच्या हातात दिली, ती त्याने शर्टाच्या आत घातली. मग त्याने माझे पेन मागितले. डॉक्टरीणबाईंना विचारले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे म्हणतात ते खरे का. त्या म्हणाल्या, वकील तसेच सांगतात. तेव्हा त्याने आंब्याच्या चार कलमांचे वाक्य स्वतः खोडले आणि म्हणाला, "मला साक्षीदार व्हायचंय."

खोडलेल्या ओळीपुढे आम्हा दोघांच्या आद्याक्षरांच्या सह्या आहेत. उत्तरेकडचा तुकडा आता उरलेल्या वाडीबरोबर कृतिकाकडे जाईल. हा खुलासा लिहून होईपर्यंत तो समोर बसून होता. वर लिहिलेले सर्व मी दोघांना वाचून दाखवले व त्यांच्यासमोर सही करीत आहे.

ठिकाण: निर्मळ
दिनांक: १९ ऑगस्ट २००४

सही
काशिनाथ जयराम चुरी

साक्षीदार १
काशिनाथ चुरी यांनी माझ्यासमक्ष सही केली. त्यांना आज सकाळी तपासले आहे.
डॉ. रोझलिन परेरा

साक्षीदार २ (मजकूर व सही डाव्या हाताने)
मी सगळे वाचले. काशिनाथने माझ्यासमोर सही केली. तो पूर्ण शुद्धीवर आहे. कमिटीपुढे बोलला त्या दिवशीही होता.
सॅन्टन आग्नेल मच्याडो