चोवीस झरोके बंद

१ मे १९४४, सोमवार. सांगली.

नवी वही. पहिल्या पानावर 'खासगी' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आज अखेर ठरलं. जिनदत्तशेठच्या गुळाच्या वखारीचं इन्सुलेशन मी करणार. अख्ख्या सांगलीत हा शब्द माहीत असलेला माणूस मी एकटाच असावा. शेठनी तीनदा अर्थ विचारला, तीनदा सांगितला. चौथ्यांदा म्हणाले, बरं, ते तुमचं काय असंल ते करा पंत. म्हणजे पटलं.

वखार साठ वर्षांची. काळा दगड, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात ओल धरते आणि गुळाला पाणी सुटतं. शंभरात चार ढेपा जातात. शेठ म्हणतात, चार जायच्याच. हीच ती जुनी वृत्ती!

रत्नागिरीला बोट कंपनीच्या गोदामात मी सात महिने काढले आहेत, तेही खुद्द साहेब इंजिनिअरच्या शेजारच्या खोलीत. समुद्रकाठच्या जुन्या गोदामांना आतून अस्तर कसं द्यावं यावर साहेबांनी तीन पानं लिहिली होती. त्यातली अडीच मी स्वतःच्या हाताने नकलून घेतली. उरलेलं अर्धं नकलायच्या आत मी नोकरी सोडली. (त्यांनी सोडवली असं चारुशीला म्हणते. तिला ऑफिसातलं कळत नाही.) नक्कल 'हाउएव्हर' या शब्दाशी संपते. अडीच पानांत सगळं आलेलंच आहे.

गणपतीपर्यंत गूळ कोरडा राहिला तर शेठची साताऱ्याची नवी वखार माझ्याकडे. पेढीवरच्या कारकुनाचा मॅनेजर! चारुशीलेला सांगितलं, यंदाचा दसरा साताऱ्याला आपल्या घरात. ती म्हणाली, आधी चहा घ्या, निवतोय.

३ मे.

पाहणी. नाथाजी गवंडी बरोबर. हा रहिमतपूरचा, कामाला चांगला, पण बोलतो फार. म्हणाला, आवं रावसाब, रत्नागिरीला दर्या हाय, हितं कुठं दर्या? समजावलं की ओल ती ओल. तिला भूगोल नसतो. त्याने दोरी काढून भिंत मोजायला घेतली. मुद्दा बिनतोड होता.

वखारीला वर, छपराखाली, चोवीस झरोके आहेत. प्रत्येकाला लाकडी झडप. म्हणजे चोवीस ठिकाणांहून बाहेरची दमट हवा खुशाल आत! साठ वर्षं कोणाच्या हे लक्षात आलं नाही.

५ मे.

झरोक्यांचा उलगडा झाला. शेठची आत्या आक्काताई वखारीमागेच राहतात. वय सत्तर. सकाळी ऊन वर आलं की लांब बांबूची आकडी घेऊन येतात आणि झरोके एकेक करून उघडतात. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं, त्याआधी येऊन सगळे बंद करतात. प्रत्येक झरोक्याला एका तीर्थंकराचं नाव. पूर्वेकडून ऋषभनाथ, अजितनाथ असं म्हणत म्हणत शेवटी नदीकडच्या कोपऱ्यात महावीर. पस्तीस वर्षं हे चाललंय. मध्येच थांबून हवेचा वास घेतात. वारं नदीवरून असलं की म्हणे त्या अंगाची सहा नावं नुसती घ्यायची, झडप उघडायची नाही.

भाविक बाई. आदर वाटला. पण शास्त्र वेगळं.

८ मे.

साताऱ्याच्या आपल्या दोन खोल्यांतल्या भाडेकरूला पत्र लिहिलं. दसऱ्याआधी जागा सोडावी, मालक स्वतः राहायला येत आहे. भाषा सौम्य पण ठाम. चारुशीलेकडे पेटीत टाकायला दिलं. ती पत्राकडे बराच वेळ बघत होती. आनंदाने असेल.

१४ मे.

सिमेंटला परमिट नाही. लढाईचे दिवस. अडलं नाही. शिराळ्याकडून चार गाड्या भाताचं तूस आलं, रस्त्याच्या कंत्राटदाराकडून दोन पिंपं डांबर. गोणपाट घरचंच.

योजना: भिंतीपासून चार बोटं सोडून डांबरात बुडवलेलं गोणपाट, मागच्या पोकळीत तूस ठासून. छपराखाली चटया, त्यावर हातभर तूस. झरोके चुन्याने कायमचे बंद.

नाथाजीने हातातली थापी खाली ठेवली. म्हणाला, रावसाब, भिंत झाली तरी तिला दम घ्याया लागतोय की. कोंडलीसा तर घाम येईल तिला. मी हसलो. भिंतीला घाम! माझी अडीच पानं दाखवली. त्याला इंग्रजी येत नाही, त्यामुळे त्याने थापी परत उचलली.

२३ मे.

चोविसावा झरोका बंद. ऐतिहासिक दिवस.

संध्याकाळी आक्काताई नेहमीच्या वेळी आकडी घेऊन आल्या. वर बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पंत, समदं लिपलासा व्हय? म्हटलं, आक्काताई, आता तुम्हाला विश्रांती, इतकी वर्षं फार केलंत. त्या म्हणाल्या, मी कुठं दमले म्हणाले हुते? मग आकडी भिंतीला टेकवून ठेवली आणि परत गेल्या.

वय झालं की माणसाला सुखसोयी रुचत नाहीत.

७ जून.

चारशे ढेपा रचून झाल्या. दार बंद, किल्ली माझ्याकडे. थर्मल डिसिप्लिन पाळायची. माझ्याशिवाय कोणी दार उघडायचं नाही, मीसुद्धा फार नाही. आत ओल तपासायला मिठाची बशी ठेवली. रत्नागिरीला यासाठी घड्याळासारखं यंत्र होतं. बशीचं काम तेच.

चारुशीलेने विचारलं, अंगाला कसला वास येतोय? डांबर. दोन दिवसांत जाईल.

१५ जून.

पावसाची झड बसली आहे. वखारीत गेलो. बाहेर सर्द, आत कशी छान ऊब! पाच मिनिटं सदरा काढून उभा राहिलो. मीठ कोरडं, खडखडीत. शेठना निरोप पाठवला: विजय.

शेठनी उलट निरोप धाडला की विजयाचं गणपतीला बघू.

२४ जून.

मीठ किंचित ओलं. पण मीठ मूळचं समुद्राचं. पाणी त्याच्याच अंगचं असणार. काढून टाकलं. उपकरण चुकीचं निवडलं की निष्कर्ष चुकतात.

२ जुलै.

नमुन्याला थोडा गूळ घरी आणला. रविवार, म्हणून चारुशीलेने गुळाचा सांजा केला. एक घास घेऊन ती थांबली. म्हणाली, तुमच्या अंगाचा नव्हता हो वास, गुळालाच येतोय. मी दोनदा वाढून घेतला. तिसऱ्या घासाला मलाही रस्त्याची आठवण झाली. पण चव ही व्यक्तिसापेक्ष गोष्ट आहे. उद्यापासून घरात दुसऱ्या दुकानचा गूळ आणायचा.

९ जुलै.

आतल्या गोणपाटावर थेंब. बाहेरून झिरपलेले नाहीत, कारण बाहेरून झिरपणं आता अशक्य आहे. मग कुठून? उपरण्याने पुसले. परत आले. सगळं उपरणं काळं.

नाथाजी दारात उभा होता. काही बोलला नाही. न बोलण्याची ही कसली पद्धत!

निश्चय: यापुढे वखारीत जायचंच नाही. माझ्या श्वासानेच आत दमटपणा जात असावा.

१८ जुलै.

उंबऱ्याखालून काळपट, चिकट ओघळ. मी म्हटलं, डांबर वितळलं असेल. नाथाजीने बोट लावून चाखलं. म्हणाला, काकवी हाय रावसाब. जरा डांबराची.

आणि मुंग्या. किती? रांग रस्त्याच्या पलीकडून येते आहे. केरसुणी मागवली तर आक्काताई आडव्या आल्या. म्हणाल्या, जिवाला धक्का लावायचा न्हाई पंत, त्यांस्नी काय ठावं तुमचं इन्सुलेशन. शब्द बरोबर उच्चारला. त्यांनी ओघळाच्या शेजारी पिठाची रेघ ओढून मुंग्यांना बाजूला वळवलं. अर्ध्या वळल्या. उरलेल्या आम्हाला ओलांडून आत गेल्या.

शेठना कळवलं नाही. ते बाहेरगावी आहेत. आले की परिस्थिती सुधारलेली असेल.

२६ जुलै.

शेठ आले. दार उघडलं.   आतली गरम, गोड, डांबरी हवा तोंडावर आली आणि शेठनी रुमाल नाकाला लावला. खालच्या थरातल्या ढेपा बसल्या होत्या. बसल्या म्हणजे, होत्याच्या नव्हत्या झाल्या होत्या. तूस ओलं होऊन कुजलं आहे आणि काही ठिकाणी त्याला हिरवे कोंब आले आहेत.

मोजल्या. शंभरात सदतीस गेल्या.

शेठ इतकंच म्हणाले की नाथाजी, पयलं झरोकं फोड. नाथाजीने पहार उचलली तेव्हा मी मध्ये पडून सांगितलं की आत्ता उघडणं शास्त्राविरुद्ध होईल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाजूला झालो.

आक्काताई आकडी घेऊन खाली उभ्या. चुना फुटून झडप मोकळी झाली की त्या नाव घेत होत्या आणि उघडत होत्या. शेवटच्या नावाला वारा आरपार गेला. चोवीस झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. चुना गेला असावा. नाही, चुना नव्हता.

३१ जुलै.

डांबरी गोणपाट उतरवलं, तूस बाहेर. वखार पहिल्यासारखी उघडी. ओल चार दिवसांत निम्मी झाली. कोणतीही योजना नसताना! यामागचं कारण अभ्यासण्यासारखं आहे.

'हाउएव्हर'च्या पुढे साहेबांनी काय लिहिलं असावं याचा अंदाज आला. अर्धं पान होतं फक्त.

४ ऑगस्ट.

बिघडलेला गूळ जनावरांच्या पेंडीत घालायला गेला. बैलांनी हुंगला आणि मान फिरवली असं नाथाजी सांगतो. हे त्याने शेठसमोर सांगायची गरज नव्हती.

१२ ऑगस्ट.

शेठनी बोलावलं. राजीनामा खिशात नेला होता, सौम्य पण ठाम. त्यांनी पाहिलाच नाही. म्हणाले, पंत, साताऱ्याचं पुढल्या साली बघू. रागावले नाहीत. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

निघालो तर दारात आक्काताई. गुडघे दुखतात म्हणाल्या, पाऊसभर चालवत नाही. आकडी पुढे केली. तुमास्नी हवा कळतीया म्हणतासा न्हवं, मग धरा ही. मी सांगते, तुमी उघडा.

धरली. आकडी दिसते त्यापेक्षा जड आहे.

१४ ऑगस्ट.

भाडेकरूला दुसरं पत्र. काही कारणास्तव मालकांचा बेत लांबला आहे, तरी आपण खुशाल राहावं. चारुशीलेला म्हटलं, आजच टाक, ते बिचारे जागा शोधत असतील.

ती उठली. तांदळाच्या डब्याखालून मेमधलं माझं पत्र काढून समोर ठेवलं. पाकीट तसंच.

मी विचारलं, तुला साताऱ्याला जायचं नव्हतं का? ती म्हणाली, फार जायचं होतं. आठ वर्षांत तीनदा सामान बांधलंय मी, आणि तीनदा सोडलंय. त्यांची बायको दिवसांत आहे, तिला कशाला उठवायचं? हे ती पोळ्या लाटता लाटता बोलली. पाठ माझ्याकडे होती.

मला फार वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, कारण तिथे काहीच बोललो नाही.

१७ ऑगस्ट. संध्याकाळ, उजेड असतानाच.

आज आक्काताईंच्या मदतीशिवाय झरोके उघडले. चोवीस नावं, एकदाही न अडखळता. नमिनाथ आणि नेमिनाथ शेजारी शेजारी येतात. तिथे भले भले चुकतील.

दिवसभर मन प्रसन्न. नवी कल्पना सुचली. साताऱ्याच्या वखारीला पहिल्यापासून झरोके ठेवायचे, चोवीस नव्हे, अठ्ठेचाळीस. सगळे एकाच दोरीने उघडायचे. पुढच्या वर्षी शेठना दाखवायला नकाशा आजच सुरू केला.

संध्याकाळी बंद करायला गेलो. नेमिनाथाची झडप सकाळपासून बंदच. आक्काताई खाली बसल्या होत्या. म्हणाल्या, सकाळीच बघितलं हुतं मी. म्हटलं तुमचं तुमास्नी कळंल.

दिवस मावळायच्या आत घरी. चारुशीलेने लवकर वाढलं होतं. जेवताना तिला राहिलेल्या झडपेचं सांगितलं, आणि म्हटलं की आता काहीच हरकत नाही, पुढचा दसरा नक्की साताऱ्यात, सामान हळूहळू बांधायला घे.

ती म्हणाली, बांधते. आधी तुमचे चोवीस होऊ देत.