जातानाचे गुण

४ मार्च
आज साहेबांनी फाइल टेबलावर ठेवली आणि वरचं नाव मी दोनदा वाचलं. आमच्या विमान कंपनीचा नवा थेट मार्ग. इथून ताईच्या शहराला! मध्ये कुठे उतरायचं नाही, विमान बदलायचं नाही. कोणतं विमान परवडेल आणि कोणतं बसायला बरं, ते मी सांगायचं.

ताई तिकडे नर्स म्हणून गेली आणि तिकडेच संसार थाटला. छकुली चालायला लागली तरी आईने नातीला फक्त फोनवर पाहिलंय. कधी जातेस विचारलं की तिचं ठरलेलं — "मधल्या विमानतळावर मी एकटी हरवले तर? थेट जाणारं काढा, मग बघू." जसं काही विमानं मीच काढते!

ऑफिसात कुणाला बोलले नाही. आईलाही नाही. आधी होऊ दे.

९ मार्च
दोन विमानं समोर आहेत. मी त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणते. थोरलं ऐसपैस — दोन वाटा, रांगेत आठ खुर्च्या, पाय पसरायला जागा, उंच छत. आत शिरलं की कुणा सधन पाहुण्यांकडे आल्यासारखं वाटतं. धाकट्यात एकच वाट, दोन्हीकडे तीन-तीन. आतल्याला उठायचं तर कडेच्याने आधी उठायचं.

मला थोरलंच हवं होतं. आईने त्यातून जावं. पण आकडे माझ्या आईला ओळखत नाहीत. थोरलं इंधन पितं. गच्च भरलं तरच परवडतं, आणि ताईच्या शहराला रोज एवढी माणसं आणायची कुठून? अर्ध्या रिकाम्या थोरल्यापायी मार्गच बंद पडेल. धाकटं जवळजवळ निम्म्या इंधनात जातं आणि रोज भरतं.

१० मार्च
थोरलं बाद. मीच केलं.

१४ मार्च
धाकट्यातही मेख! साहेबांना एक रांग जास्त बसवायची आहे. म्हणजे प्रत्येकाच्या गुडघ्यापुढची जागा कमी. शेवटच्या रांगेची पाठ तर मागे झुकणारच नाही, मागे भिंत.

"एक रांग म्हणजे सहा तिकिटं. रोज. जाताना सहा, येताना सहा," साहेब म्हणाले. "आणि आपल्याच लोकांनी बसून पाहिलंय. कुणाची तक्रार नाही."

"किती वेळ बसले?"

"चहा होईपर्यंत."

पलीकडच्या टेबलावरचा हिशेबनीस खुदकन हसला. तो मला इंचपट्टी म्हणतो. म्हणू दे! मी म्हटलं, प्रवास आठ तासांचा, तर चाचणीही आठ तासांची हवी. आणि ऑफिसातली माणसं नकोत — ज्यांचं कुणी तिकडे आहे, जे खरोखर जातील, अशी हवीत. त्यांनी दहापैकी गुण द्यावेत.

"आण," साहेब म्हणाले. "ते म्हणतील तसं करू."

जिंकले! आठ तासांनंतर कोण बरं म्हणेल त्या खुर्चीला?

२२ मार्च
चाचणी झाली. खोलीत लाकडी चौथऱ्यावर खुर्च्यांच्या रांगा, भिंतीला नुसत्या चिकटवलेल्या खिडक्या, त्यांत रंगवलेले ढग. आईलाही नेलं. शेवटची रांग, मधली खुर्ची. मुद्दामच. सगळ्यात वाईट जागेला सगळ्यात वाईट गुण मिळावेत म्हणून.

आई लॉन्ड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करते. बसली आणि म्हणाली, "आठ तास बसून राहायचं? कुणी ऊठ म्हणणार नाही? ही नोकरी मला आधी का नाही सांगितलीस?" सगळे हसले. मग हळूहळू खोली शांत झाली. एक आजोबा शेजाऱ्याला मुलाच्या गोष्टी सांगत होते, तेही थांबले. आई रंगवलेल्या ढगांकडे बघत होती. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

वेळ संपल्यावर मी तिच्या खांद्याला हात लावला, तर दचकली.

"पोचलो का गं?"

मी कागद पुढे केला — यात बसून तिकडे जायला कसं वाटेल?

गुण — आजोबा नऊ. बाकीचे सगळे आठच्या वर. आई — दहा!

"दहा? अगं, गुडघे टेकले होते तुझे समोरच्या पाठीला!"

"टेकेनात का. पुढे माझी लेक उभी आहे ना घ्यायला."

२३ मार्च
साहेब खूश. "या मार्गावरचे लोक कशातही बसतील. तूच सिद्ध केलंस!" जादा रांग मंजूर. माझ्या चाचणीवर. हिशेबनीसाने टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन आईवर चिडले. घरातली पहिली पदवीधर म्हणून शेजारीपाजारी मिरवते ना मला — आणि तिनेच तोंडघशी पाडलं! ती पायांना तेल चोळत होती. पाय टम्म सुजलेले.

"आणि याला दहा दिलेस?"

"जायला कसं वाटेल, असंच विचारलंस ना? जाताना दहाच." मग बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाली, "येतानाचं कुठे विचारलंस?"

२४ मार्च
साहेबांना सांगितलं, चाचणी चुकली. परतीचीही घ्यायला हवी. ते हसले. "अगं बाई, खुर्ची तीच, माणसं तीच, तास तेच!" मी त्यांना कागदावर काय वेगळं दाखवणार होते?

२ जून
आई गेली. कर्मचाऱ्याच्या घरचं तिकीट म्हणजे उरेल ती जागा. उरली होती शेवटच्या रांगेतली मधली! मी सॉरी म्हणणार होते, पण ती ऐकायच्या मनःस्थितीतच नव्हती. एकदाच वळून पाहिलं तिने. मग झपझप चालत गेली. एवढी भरभर चालते ती?

दाराशी तिच्या चपला नाहीत.

१९ जुलै
फोनवर छकुली आईच्या मांडीवर, मागे ताई हसतेय. तिघी एका चौकटीत. ताईची आठवण यायची तेव्हा निदान आई असायची सोबत. आता दोघींची येते आणि मी एकटी.

"जेवतेस ना नीट?" "हो गं, मजेत आहे." भाजीत दोनदा मीठ पडतं हे सांगितलं नाही.

२९ ऑगस्ट
उद्या आई येणार! पडदे धुतले. तिची उशी उन्हात टाकली. परतीलाही तीच जागा मिळालीये — म्हटलं, बसेल बिचारी, सवय आहे.

३० ऑगस्ट
विमान वेळेवर उतरलं. सगळे बाहेर आले. आत जाऊन विचारलं. शेवटची रांग, मधली खुर्ची — रिकामी. ती चढलीच नाही.

आईने येतानाचे गुण दिले.